राहीच्या न झालेल्या इंटरव्ह्यूबद्दल

मिरजोळे, रत्नागिरी
पितृपक्षातला रविवार

चि. लवू यास,

मथुराताईचे आशीर्वाद. (हातातून आपोआप लिहिले गेले. थोरल्या बहिणीनं धाकट्या भावाला आशीर्वाद द्यायचे असतात म्हणून दिले. तुझी लायकी बघून द्यायचे असते तर पत्र इथंच संपलं असतं.) तुझी प्रकृती कशी आहे? बीपीची गोळी घेतलीस ना? नसशील तर आधी घे, खुर्चीत नीट टेकून बस आणि मग पुढं वाच, कारण पुढं जे आहे त्यानं तुझं बीपी वाढणार आहे, आणि वाढावं अशीच माझी इच्छा आहे. राजश्रीच्या कंबरेला आता आराम आहे का? तिला सांग, तुझं इतकी वर्षं ऐकून घेतल्याबद्दल तिचा सत्कार व्हायला पाहिजे, नारळ मी पाठवते. आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत, असं यापुढं लिहायची पद्धत आहे. आम्ही खुशाल नाही. मी तर मुळीच नाही. पाकिटाला तिकीट का नाही म्हणून उलटंपालटं करून बघत बसू नकोस, त्याचा खुलासा शेवटी येईल.

तू म्हणशील, मोबाइल असताना ताईला पत्राचं खूळ कुठून आलं? अरे बाबा, फोनवर तू बोलू देतोस का? मी 'ऐक' म्हटलं की तू 'मला माहीत आहे' म्हणतोस. मी 'अरे पण' म्हटलं की तू 'माझं ऐक' म्हणतोस. गेल्या कित्येक वर्षांत माझं एक वाक्य तुझ्या कानात पुरतं गेलेलं नाही. पत्राला मात्र तुला मध्ये तोडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. खरं म्हणजे गणपतीत आलास तेव्हाच तुझी तोंडावर हजेरी घेणार होते. पण घरात देव बसलेला असताना भांडू नये असं आई सांगून गेलीय, म्हणून दात आवळून मोदक वळत बसले. आरतीला जमलेल्या अख्ख्या वाडीसमोर तू 'राहीला सगळं मार्गदर्शन माझंच हां' असं म्हणालास, तेव्हा माझ्या हातातल्या मोदकाची पारी फाटली. आता देव पाण्यात गेला, आणि राग तेवढा घरात राहिला. तो या पाकिटात घालून पाठवते आहे.

आता मुळापासून सांगते, कारण तुला तुझेच पराक्रम आठवत नसतात. राहीचा नीटचा निकाल आला, मार्क चांगले पडले. शिवणक्लासच्या खोलीतल्या कोपऱ्यात, माझ्या दोन मशिनींच्या खडखडाटात पोरीनं अभ्यास केलान. शेवंती काजूच्या कारखान्यातून चिकानं काळे पडलेले हात घेऊन आली ती लेकीसाठी तशीच देवापुढं बसली. धाकू पालीहून टेम्पो घेऊन आला, त्याला लेकीचा निकाल कळला तर नुसता टेम्पोची काच पुसत बसला. मी त्याला बजावलं होतं की लवूला निकाल कळव, पण पुढं काय करायचं ते विचारू नकोस. धाकूनं विचारलंन. आणि तू म्हणालास (तुझे शब्द माझ्या कानात आहेत, कारण फोन स्पीकरवर होता आणि भाजी निवडत सगळे ऐकत होते) की मार्कांना कुत्रं विचारत नाही, मेडिकलला खरी परीक्षा इंटरव्ह्यूला असते.

हे ज्ञान तुला कुठून झालं? तर तुझ्या कंपनीतल्या साहेबांच्या मुलीला डॉक्टरी शिकायला कुठल्याशा परदेशात घेतलं, तिथं तिचा इंटरव्ह्यू झाला, आणि ते साहेब कँटीनमध्ये चहा पिताना सांगत होते ते तू बाजूच्या टेबलावरून ऐकलंस. म्हणजे चहा साहेबांचा, मुलगी साहेबांची, देश भलताच, आणि तयारी करायची आमच्या पोरीनं मिरजोळ्यात! राही बिचारी म्हणत होती, काका, आपल्याकडे सरकारी प्रवेशाला इंटरव्ह्यू नसतो, मार्क आणि आपण दिलेली पसंती बघून कॉलेज मिळतं. एकदा नाही, प्रत्येक फोनला म्हणाली. तू म्हणालास, तू लहान आहेस, तुला नियमांच्या आतले नियम माहीत नाहीत. झालं. डोंबिवलीत राहणारा माणूस म्हणजे सर्वज्ञ, असं या वाडीत अजून धरून चालतात. (त्यात मीही आले. ही आमची चूक, आणि तिची शिक्षा आम्ही भोगली आहे.) उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते काय, हे शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं, ते प्रत्यक्ष मी या वयात पाहिलं. उंट डोंबिवलीला आणि शेळ्या आम्ही.

मग सुरू झाले तुझे व्हॉइस मेसेज. रोज रात्री जेवताना नवा. हसायचं नाही, पण चेहरा हसरा ठेवायचा. (हे कसं करायचं ते राहीनं आरशासमोर करून बघितलंन, शेवंतीला वाटलं पोरीची दाढ दुखतेय.) छंद विचारला तर वाचन सांगायचं, टीव्ही सांगायचा नाही. डॉक्टर का व्हायचंय म्हणून विचारलं तर 'ग्रामीण जनतेची सेवा' म्हणायचं आणि म्हणताना खिडकीबाहेर बघायचं. तुझा दुर्गुण कोणता असं विचारलं तर 'मी फार मेहनत करते' असं सांगायचं. हे शेवटचं ऐकून शेजारची गोदूबाई कोयती खाली ठेवून म्हणाली, "मेहनत हा दुर्गुण हाय तर मंग आमी सगळ्या बायका वाया गेलेल्याच की गो!" मला त्याच वेळी शहाणपण सुचायला हवं होतं. पण नाही सुचलं.

मग आमच्या खळ्यात रोज संध्याकाळी इंटरव्ह्यू. खुर्च्या मांडायच्या, मधे स्टूल, स्टुलावर राही. परीक्षक म्हणून धाकू, गोदूबाई आणि समोरचे भागोजीतात्या. तात्या जन्मभर जहाजावर, त्यांना इंटरव्ह्यू म्हणजे बोटीवरची भरती तेवढीच ठाऊक. त्यांनी राहीला आ करायला लावून दात तपासले, माझ्या शिवणाच्या डब्यातली रिळं काढून रंग ओळखायला लावले, आणि दर्यात वादळ झालं तर घाबरशील काय म्हणून विचारलं. राही म्हणाली, तात्या, कॉलेज जमिनीवर आहे. तात्यांनी मान हलवली आणि 'उलट उत्तर' म्हणून मार्क कापले. गोदूबाई परीक्षक म्हणून बसायची, पण तिचे सगळे प्रश्न स्वतःच्या गुडघ्याबद्दल, आणि राहीला उत्तर नाही आलं की म्हणायची, मग शाळंत शिकवतात तरी काय तुमाला? धाकू कडक इस्त्रीचा शर्ट घालून मधल्या खुर्चीत बसायचा, घसा खाकरून 'आपलं नाव काय?' एवढं विचारायचा, आणि ती 'राही' म्हणाली की पुढचं विसरून 'जेवलीस का गो?' असं विचारायचा. मला हसू यायचं. पण या सगळ्यात पोर वाळत चालली होती. जरा कुणी काही विचारलं की सरळ उत्तर द्यायच्या आधी ती मनातल्या मनात तुझी उत्तरं चाळायची. मी तिला कुळथाच्या पिठीत मीठ बरोबर आहे का म्हणून विचारलं तर दोन क्षण खिडकीबाहेर बघून 'हो' म्हणाली!

आणि कोट! लवू, त्या कोटाबद्दल तुला मी मरेपर्यंत माफ करणार नाही. तू सांगितलंस की तिथं सगळी मुलं कोट घालून येतात. मी बायकांचे ब्लाउज शिवणारी बाई, कोट कशाशी खातात मला माहीत नाही. पण पोरीचं काम म्हणून भागोजीतात्यांचा जहाजावरचा जुना निळा युनिफॉर्म उसवला आणि त्यातून तिच्या मापाचा कोट काढला. बटणं बदलायला वेळ नव्हता, म्हणून नांगराची पितळी बटणं तशीच राहिली. घालून उभी केली तर पोर डॉक्टर दिसायच्या ऐवजी जहाजाची कप्तान दिसायला लागली. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते सुई बोटात गेल्यामुळे.

आता कॉलेजांच्या पसंतीचं ऐक. कोणतं कॉलेज आधी हवं, कोणतं नंतर, ते आपण ओळीनं भरून द्यायचं असतं. तू म्हणालास, मुंबईचं नाव पहिलं टाका, रत्नागिरीचं टाकलंत तर इंटरव्ह्यूवाले म्हणतील पोरीला महत्त्वाकांक्षा नाही. आम्हाला तर इथलंच हवं होतं, घरापासून रिक्षाच्या अंतरावर. धाकू बावचळला. एकीकडे तू, दुसरीकडे मी. तेव्हा त्यानं कोकणातला माणूस करतो तेच केलंन, उठला आणि ग्रामदेवीला कौल लावायला गेला. जमिनीचा तंटा, सोयरीक, हरवलेली म्हैस, सगळं आपण देवीला विचारतो, तिनं आजवर उत्तर दिलं नाही असं झालेलं नाही. पण वैद्यकीय प्रवेश तिच्याकडे पहिल्यांदाच गेला असणार. गुरवानं देवीच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हटलं, आणि मग एकेका कॉलेजचं नाव विचारायला सुरुवात झाली. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही, हे तुला माहीत आहे (की डोंबिवलीत तेही विसरलास?). रत्नागिरी विचारलं, डावी पडली. मुंबई विचारलं, पाकळी हलेना. आम्ही मच्छर मारत बसून राहिलो, देवी गप्प. मग गुरवानं चष्मा सावरून 'नंदुरबार' असं जेमतेम उच्चारलं, आणि उजवी पाकळी अशी टपकन पडली की धाकू दचकला.

नंदुरबार! नकाशात बघितलं तर महाराष्ट्राच्या पार वरच्या टोकाला, तिथून हात लांब केला की गुजरात. मी गुरवाला म्हटलं, देवीनं कधी पंचक्रोशीबाहेर पाऊल टाकलं नाही, तिला नंदुरबार काय ठाऊक? तर म्हणतो, तिला ठाव असंल, तुमाला नसंल. पुन्हा कौल लाव म्हटलं तर तो माझ्यावरच भडकला, देवीला उलटतपासणी चालत नाही म्हणाला. घरी आलो तर शेवंती रडतेय, धाकू देवीचा शब्द मोडायचा कसा म्हणून डोकं धरून बसलाय, आणि तेवढ्यात तुझा मेसेज, 'मुंबईच!' तेव्हा राही पहिल्यांदा आवाज चढवून बोलली. म्हणाली, फॉर्म माझा आहे, कॉलेज मला करायचंय, आता देवीनं, काकांनी आणि आत्यानं सगळ्यांनी गप्प राहायचं. (मला देवीच्या पंगतीत बसवलं म्हणून मी ऐकून घेतलं.) मोबाइल घेऊन आत गेली, ओळ लावली, पाठवून दिली. काय लावली ते कुणालाच सांगितलं नाही.

पहिल्या फेरीत तिला मिळालं आपल्या रत्नागिरीचं कॉलेज. घरचं! लवू, मी मोठ्यानं रडले. सकाळी डबा घेऊन जाईल, संध्याकाळी परत येईल, माझ्या मशिनीशेजारी बसून अभ्यास करील, एवढं सगळं मी क्षणात ठरवून टाकलं. आता विषय संपायला हवा होता की नाही? पण तू कसला संपू देतोस! इंटरव्ह्यू आधी सांगून घेत नाहीत, प्रवेशाच्या दिवशी कागद बघता बघता अचानक घेतात, असं तू सांगितलंस. म्हणून कागदांची पिशवी, मी, धाकू, शेवंती, आणि श्रावणातल्या त्या घामट उकाड्यात नांगराच्या बटणांच्या कोटात राही, असे आम्ही टेम्पोनं कॉलेजवर गेलो. फाटकावरचा वॉचमन तिला बघून उठून उभा राहिला. आत गेलो तर लोक तिलाच येऊन विचारायला लागले, मॅडम, जातीची पडताळणी कुठल्या खिडकीवर? एका मुलाचे वडील थेट दापोलीहून पहाटेची एसटी पकडून आलेले, त्यांनी आपली अख्खी फाइल तिच्या हातात दिलीन आणि मुलाच्या नावातल्या चुकीची कहाणी पार शाळेच्या पहिल्या दिवसापासून सांगायला घेतली. राही 'मी मॅडम नाही' म्हणाली, पण फाइल परत दिली नाही. उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलंन, आणि मग त्यांना योग्य रांगेत नेऊन सोडलंन. मी मात्र आपला नंबर जाईल म्हणून तिच्यावर ओरडले.

मग आमचा नंबर आला. खिडकीत चष्म्याच्या बाई, चांगल्या होत्या, उगाच खोटं कशाला बोलू. कागद बघता बघता, खाली मान घालून, रकाना भरायला त्यांनी विचारलं, वडील काय करतात? आणि तुझा तो मेसेज मला आठवला. वडील टेम्पो चालवतात असं सांगू नकोस, आई काजू सोलते असं तर मुळीच सांगू नकोस, इम्प्रेशन पडत नाही. वडील उद्योजक म्हणायचं. कसला उद्योग विचारलं तर मालवाहतूक आणि काजू-प्रक्रिया. पन्नास वेळा पाठ करून घेतलेलं वाक्य, पोरीच्या तोंडातून ते आपोआप बाहेर आलं. उद्योजक. बाईंनी मान वर केली. हातात उत्पन्नाचा दाखला, समोर पितळी बटणांचा कोट, आणि तोंडानं उद्योजक! कसला उद्योग म्हणून विचारलं, तर तेही आलं, मालवाहतूक आणि काजू-प्रक्रिया. बाईंनी दाखला टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, मग हा कागद खोटा, की तुम्ही खोट्या? फाइल बाजूला सरकवली. शेवटचा दिवस होता, मागे रांग होती. फी-सवलत त्या दाखल्यावर, आणि सवलत नसेल तर आम्ही कुठले भरणार! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण मला त्याचंही एवढं नाही. मी धाकूकडे बघितलं. तो आमच्या मागं छत्री घेऊन उभा होता, तोच इस्त्रीचा शर्ट घालून. आणि तो हळूहळू मागं सरकत होता. रांगेतून बाहेर, दाराकडे. आपण दिसलो तर पोरीचं काम बिघडेल, टेम्पोवाला बाप दिसायला नको, म्हणून. माझा भाऊ, तुझा भाऊ, ज्यानं स्वतःची शाळा सोडून तुझी फी भरली, तो आपल्या लेकीच्या प्रवेशाच्या दिवशी चोरासारखा भिंतीला लागला होता, का, तर डोंबिवलीच्या काकाला त्याची लाज वाटते! लवू, त्या क्षणी तू समोर असतास तर मी तुझ्या कानाखाली ओढली असती. आजही हे लिहिताना अक्षर वेडंवाकडं आलं तर ते म्हातारपणामुळे नाही, संतापानं आलंय असं समज. तुला लाज कसली वाटली रे? पालीच्या बाजारातून धाकू भाजी आणतो तेव्हा अर्धं रत्नागिरी जेवतं. शेवंतीच्या त्या काळ्या हातांनी सोललेले काजू तू दिवाळीला साहेबांना पेटीतून नेऊन देतोस, आणि वर 'आमच्या बागेतले' म्हणून सांगतोस. आपली बाग म्हणजे विहिरीपाशी तीन कलमं, त्यातलं एक वांझ!

राहीनं मागं वळून बघितलंन. बापाला दाराशी बघितलंन. मग कोट काढला, माझ्या अंगावर टाकला, आणि हाक मारली, "बाबा, इकडं या." धाकू येईना. ती रांगेतून गेली, हाताला धरून त्याला खिडकीशी आणलंन आणि बाईंना म्हणाली, हे माझे वडील, टेम्पो चालवतात. ही आई, काजू सोलते. दाखला खरा आहे, मी बोलले ते खोटं होतं. बाई म्हणाल्या, हे आधी सांगायला काय झालं होतं? राही म्हणाली, काका म्हणाले होते तसं बोल. बाईंनी विचारलं, काका काय करतात? आणि मला राहवलं नाही, मी म्हटलं, "सल्ले देतात." बाई हसल्या, मागची रांग हसली, दापोलीचे ते गृहस्थ तर खिडकीला धरून हसले. फाइल परत पुढं आली. शिक्के पडले. प्रवेश झाला. झेरॉक्सचा एक संच कमी पडला तेवढा धाकूनं धावत जाऊन आणलान, आणि जाताना चक्क छाती काढून गेला.

तेव्हा यापुढं कुणाला मेडिकलचा सल्ला द्यायची तुला उबळ आली, तर एवढंच सांग. झेरॉक्स जास्तीच्या काढा, सकाळी पोटभर खाऊन जा, विचारलं तेवढंच सांगा आणि खरं सांगा, आणि आईबापांना आपल्या पुढं उभं करा, मागं नाही. यापलीकडे तुझ्या सल्ल्याची कुणाला गरज नाही.

इथवरचं मी तुला माफही केलं असतं. (कोट सोडून.) पण परवा दुसरी फेरी लागली आणि राहीला मुंबईचं कॉलेज आलं. म्हणजे त्या ओळीत मुंबई वर होती! इथंच राहायचं असेल तर मुदतीत तसं कळवायचं असतं, मी तिला कितीदा म्हटलं, कळव गो. तिनं कळवलं नाही. झालं तुझ्या मनासारखं? मुंबई, मुंबई करून माझी पोर नेलीस. खोलीतला तिचा कोपरा मी काल झाडून काढला, तर तिच्या पेन्सिलीची टरफलं निघाली, ती मला टाकवेनात. धाकू परत टेम्पोची काच पुसतोय. पितृपक्षात मुलगी घराबाहेर पाठवायची नसते म्हटलं तर राही म्हणते, आत्या, सरकारला पितृपक्ष नसतो. तुझा सल्ला खरा ठरला म्हणून आता तुझ्या डोंबिवलीतल्या मंडळात नाचत फिरशील, ते माझ्या डोळ्यांसमोर दिसतंय. फिर. पण माझ्या घरी पुढच्या गणपतीला आलास तर तोंडाला मोदक लावून ये, उघडू नकोस.

राजश्रीला आशीर्वाद, पोरांना पापा. तुला काय द्यायचं ते वर दिलंच आहे.

तुझी (इलाज नाही म्हणून) ताई,
मथुरा

ता. क. वरचा मुंबईचा परिच्छेद लिहून झाल्यावर मी राहीला पुन्हा विचारलं, मुंबई का वर टाकलीस, काका म्हणाले म्हणून? तर म्हणाली, काकांचं कोण ऐकतं, आत्या. तिथं पेशंट खूप येतात, सगळ्या तऱ्हेचे, म्हणून टाकलं. म्हणजे तुझा त्यात काही दोष नाही. पण लिहिलेलं मी खोडत नाही. तुझ्या बाकीच्या गुन्ह्यांना ते चालून जाईल. मंडळात मात्र खरं सांग.

ता. क. दुसरा. हे पत्र ज्या मुलीनं तुझ्या हातात दिलं ती राहीच आहे. ताईचं पत्र म्हणून तू दारातच फोडून वाचत बसला असशील (मीच मूर्ख, खुर्चीत बस म्हणून सांगितलं, ती मात्र उंबऱ्यावर सामान घेऊन उभी असणार). हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. आधी तिला आत घे, पाणी दे. हॉस्टेलची खोली मिळायला वेळ आहे, तोवर ती तुझ्याकडे राहील. मुंबईत आमचं दुसरं आहे कोण रे? खोकं जड आहे, तू उचल. त्यात आमसुलं, कुळथाचं पीठ, राजश्रीचा नारळ आणि तो कोट आहे. कोट तुझ्या खुंटीवर समोरच टांग. तिला रात्री दिवा लागतो, पंखा सोसत नाही, आणि घरची आठवण आली की ती सांगत नाही, नुसतीच जेवत नाही. तेवढं बघ, लवू.

ता. क. तिसरा, आणि यासाठीच खरं पत्र लिहिलं. प्रवेशाच्या दिवशी टेम्पोनं परत येताना माझ्या मनात आलं की एवढे इंटरव्ह्यू घेतले, पण डॉक्टर का व्हायचंय हे पोरीला खरं असं कुणी विचारलंच नाही. म्हणून मी विचारलं. ती खिडकीबाहेर बघत नव्हती. म्हणाली, आत्या, तुझ्या पाठीत कळ यायची तेव्हा मी तुझ्याबरोबर दवाखान्यात आले होते, आठवतं? तू सांगायला लागलीस, आणि तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. बाहेर आल्यावर तू मला म्हणालीस, खरं दुखणं सांगायचं राहिलंच. तेव्हाच मी... आणि लवू, इथं मी तिला म्हटलं, "अगो ती काच वर कर, पाऊस आत येतोय!" तिनं काच वर केली. नंतर मी किती वेळा विचारलं, हसते आणि 'राहू दे गो' म्हणते. माझ्या हातून ते वाक्य अर्धंच राहिलं. तू विचार तिला. आणि विचारलंस की, तुला आईची शपथ आहे, गप्प बस.